निळं दूध

"बाई, माझा प्रयोग आला!"

नोकरीभर मी हे वाक्य ऐकलं. कोल्हापुरातल्या एका मुलींच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. मुलींच्या भाषेत गणिताचं उत्तर येतं तसा प्रयोगही येतो. पुस्तकात लिहिलेला रंग परीक्षानळीत दिसला की प्रयोग आला. नाही दिसला तर शेजारणीच्या नळीतलं थोडं आपल्या नळीत ओतून तो आणायचा. परीक्षेत कॉपी करताना कचरणाऱ्या मुली हे काम मात्र अगदी उजळ माथ्यानं करायच्या. त्यांच्या मते ती कॉपी नव्हतीच, ती शेजारधर्मातली उसनवारी होती.

शाळेची प्रयोगशाळा मागच्या इमारतीत, पिण्याच्या टाकीशेजारी. काळ्या कडाप्प्याचे ओटे, एक कायम गळणारा नळ, काचेची दोन कपाटं आणि फॉर्मालिनच्या बरणीतला एक साप. त्या सापाला घाबरून बाहेरच उभी राहणारी एक तरी मुलगी दर वर्षी असायचीच. बाहेरच्या माणसाला वाटतं, विज्ञानाच्या बाई म्हणजे धूर, स्फोट, रंगीबेरंगी पाणी. खरं तर आमचा निम्मा वेळ हात शिकवण्यात जातो. मोजपात्रातलं पाणी वरून डोकावून वाचायचं नाही, डोळा पाण्याच्या रेषेत आणायचा. ठेंगणी मुलगी स्टुलावर चढणार, उंच मुलगी गुडघे वाकवणार. वासाच्या वायूत नाक घालायचं नाही, तळहातानं वास आपल्याकडं वारा घातल्यासारखा ओढायचा. परीक्षानळी तापवताना तिचं तोंड कुणाच्याही तोंडाकडं नको. स्पिरिटचा दिवा फुंकून विझवायचा नाही, टोपण घालायचं. आम्लात पाणी नाही, पाण्यात आम्ल, तेही थेंबाथेंबानं. आणि भरलेल्या प्रत्येक नळीला, प्रत्येक बाटलीला आधी चिठ्ठी चिकटवायची, मग पुढचं काम.

हातांनंतर शब्द. उद्देश, साहित्य, कृती हे सोपे असतात. घोडं अडतं ते निरीक्षण आणि अनुमान ह्या जोडीपाशी. जे डोळ्यांना दिसलं ते निरीक्षण, त्यावरून आपण जे ठरवलं ते अनुमान, असं मी हजारदा सांगितलं असेल. तरी मुलींच्या वह्यांमध्ये दोन्ही एकमेकांच्या घरी राहायला गेलेले असायचे. एकदा दहावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले होते. पन्हाळ्याकडून येणाऱ्या एका मुलीला त्यांनी तोंडी प्रश्न विचारला, निरीक्षण आणि अनुमान यांत फरक काय? ती म्हणाली, "सर, शेजारच्या वहिनी काल उशिरा घरी आल्या, हे निरीक्षण. आणि त्यावर आमची आजी जे बोलते ते अनुमान." परीक्षक चष्मा काढून पुसत बसले. पैकीच्या पैकी गुण दिले त्यांनी. मीही पुढं कितीतरी वर्गांना तीच व्याख्या शिकवली.

मी कागलची. आमच्या शाळेत प्रयोग सरांच्या टेबलावर व्हायचा आणि आम्ही बाकावरून माना उंचावून बघायचो. पुढच्या बाकावरच्या मुलींना रंग दिसायचा, आम्हाला सरांची पाठ. पहिली परीक्षानळी मी हातात धरली ती कॉलेजात, आणि तीही भीतीनं इतकी घट्ट धरली की हातातच तडकली. म्हणून नोकरी लागल्यावर एक गोष्ट मी हट्टानं केली. माझ्या वर्गात प्रत्येक मुलीच्या हातात काच जाणार. फुटली तर फुटली. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, मला कौतुकानं आणि वैतागानं 'फुटक्या काचेच्या बाई' म्हणायच्या.

ह्या हट्टातूनच लीलाच्या दुधाची गोष्ट घडली.

आठवीच्या वर्गाला अन्नातली भेसळ हा धडा होता. दुधात पीठ किंवा स्टार्च मिसळलेलं असेल तर आयोडीनचे दोन थेंब टाकल्यावर ते निळं होतं. नसेल तर आयोडीनचा पिवळट रंग येतो, बस्स. प्रयोग सोपा, आणि सामान घरचं. मी मुलींना सांगितलं, उद्या येताना प्रत्येकीनं घरचं तापवून गार केलेलं दूध छोट्या बाटलीत आणायचं.

लीला ही मल्लाप्पा गवळ्याची मुलगी. शांत, वेणीला नेहमी तेल लावलेली, वर्गात मधल्या बाकावर बसणारी. घरात कानडी, दारात मराठी. मल्लाप्पाला आमच्या भागात सगळे आप्पा म्हणायचे. कपाळावर विभूती, खांद्यावर टॉवेल, आवाज असा की दोन गल्ल्या पलीकडून कळावं आप्पा आले. सकाळी कॅनमधून घरोघर दुधाचा रतीब घालायचे आणि संध्याकाळी म्हशी घेऊन दूधकट्ट्यावर उभे राहायचे. गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळता पेला हातात द्यायचा, ही आमच्या गावची जुनी रीत. तालमीतली पोरं, म्हातारी माणसं, परगावचे पाहुणे, सगळे तिथं येतात.

तर त्या दिवशी मुलींनी दूध आणलं. नळ्या भरल्या, स्टँडमध्ये लावल्या. मी ड्रॉपरची बाटली फिरवली. एकेकीच्या नळीत पिवळट रंग उमटत गेला आणि चेहरे पडत गेले. शुद्ध दूध पितो ह्याचा आनंद कुणालाच नाही. "बाई, कायच झालं नाही की!" एवढ्यात मधल्या ओट्यावरून कुणाची तरी किंकाळीच आली. लीलाची नळी निळी झाली होती. अशी तशी नाही, गर्द शाईसारखी.

सगळा वर्ग तिथं गोळा झाला. तिच्या शेजारी प्रतिभा म्हणून एक हुशार, तोंडाळ मुलगी बसायची. तिच्या घरी आप्पांचाच रतीब होता. ती ओरडली, "अगं बाई, हे तर आम्ही रोज पितो!"

वर्ग हसला. लीला नळीकडं बघत होती. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण तोंडातून अक्षर नाही.

मी टेबलावर पट्टी आपटली. म्हटलं, "निरीक्षण काय? ह्या नळीतलं दूध निळं झालं. अनुमान काय? ह्या नळीत पिष्ट आहे. इथंच थांबायचं. ते कुठून आलं, कुणी घातलं, हे नळी सांगत नाही. उद्या लीला पुन्हा दूध आणेल, आपण पुन्हा बघू."

घंटा झाली आणि मुली दप्तरं उचलून पळाल्या. दुसऱ्या दिवशी लीला शाळेत आलीच नाही.

बातमीला मात्र सुट्टी नव्हती. संध्याकाळी आमच्या शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "बाई, मल्लाप्पाच्या दुधात युरिया सापडला म्हणे तुमच्या शाळेत?" वर्गातलं पीठ गल्लीत येईपर्यंत युरिया झालं होतं. मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून पिशवीचं दूध सुरू केलं. असं घरोघर झालं. सकाळी आप्पा कॅन घेऊन दारात उभे राहायचे आणि आतून आवाज यायचा, "आज नको." कारण कुणी सांगत नव्हतं. शेवटी एका गिऱ्हाइकानं सांगितलं.

त्याच दिवशी दुपारी आप्पा शाळेत आले. म्हैस घेऊन आले.

फाटकावरचा शिपाई त्यांना ओळखत नव्हता. "पावणं, म्हस घिऊन कुटं निगालासा?" असं तो म्हणेपर्यंत म्हैस आत आली होती. म्हशीचं दावं लीलाच्या हातात होतं. अंगात शाळेचा गणवेश, पाठीला दप्तर नाही. मधल्या सुट्टीची वेळ, सगळी शाळा मैदानावर. मोठ्या बाई व्हरांड्यात आल्या.

"हे काय आहे?"

"म्हस हाय."

"ते दिसतंय मला. शाळेत कशाला आणली?"

"कुटल्या बाईंनी माजं दूध निळं केलं, त्येस्नी बोलवा."

मी पुढं झाले. आप्पांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. ते चिडलेले असतील असं मला वाटलं होतं. पण जवळून बघितल्यावर दिसलं, ते टॉवेलचं टोक बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते.

"बाई, माज्या बापानं कट्ट्यावर म्हस पिळली, मी पिळतोय. आजपतुर दुधाला बोट लावल्यालं न्हाय कुनी. हितंच धार काडतो. तुमचं भांडं आना, औषद आना, आनि ह्या समद्या पोरींदेकत घाला."

मी मोठ्या बाईंकडं बघितलं. त्यांनी कपाळाला हात लावला होता, पण नाही म्हणाल्या नाहीत. मी प्रयोगशाळेतून चंचुपात्र, परीक्षानळ्या आणि आयोडीन आणलं. काचेचं ते भांडं आप्पांच्या हातात एवढंसं दिसत होतं. ते उकिडवे बसले, भांडं गुडघ्यांत धरलं आणि धार काढली. काचेवर दुधाची धार पडताना असा आवाज येतो हे मलाही तेव्हाच कळलं. दूध फेसासकट काठोकाठ भरलं.

मी भांडं घेतलं आणि पाण्याच्या पातेल्यात ठेवलं.

"आता हे काय?"

"निवू दे आप्पा. दूध फार गरम असलं तर निळा रंग उमटत नाही. हे तेवढं गरम नाही, पण उद्या कुणी म्हणायला नको, बाईंनी गरम दुधात औषध घातलं."

"धारोष्ण दूध गार करत्यात व्हय कुनी?" ते कळवळून म्हणाले. मैदानात हशा पिकला. आप्पाही क्षणभर हसले. तेवढ्यात जरा हवा मोकळी झाली.

दूध निवलं. मी परीक्षानळीत घेतलं, दोन थेंब टाकले. पिवळट रंग आला आणि तसाच राहिला. मी नळी वर धरून गोल फिरवली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी टॉवेलनं तोंड पुसलं.

"बगितलासा? आता सांगा समद्यास्नी."

"झालं, मिटलं," मोठ्या बाई म्हणाल्या. "चला, वर्गात."

तेव्हा प्रतिभानं हात वर केला. मैदानात, वर्गात करतात तसा, ताठ.

"बाई, पण हे तर आत्ता काढलेलं दूध हाय. आमच्याकडं येतंय ते सकाळचं, कॅनमधलं. मग ह्याच्यावरनं त्याचं कसं कळनार?"

असा प्रश्न एखाद्या मुलीनं विचारावा म्हणून मी आयुष्यभर घसा कोरडा केला होता. त्या दिवशी मात्र वाटलं, ह्या पोरीनं आज गप्प बसायला हवं होतं. सगळ्या शाळेच्या नजरा माझ्याकडं. काहीतरी बोलून प्रतिभाला गप्प करता आलं असतं. पण तिला गप्प केलं असतं तर पुन्हा त्या वर्गात मी कुठल्या तोंडानं उभी राहिले असते?

"प्रश्न बरोबर आहे," मी म्हणाले.

आप्पांचा चेहरा उतरला. "मग उद्या सकाळचं कॅन आनतो. रतीब घालायच्या आदी हितं आनतो."

मी हातातली नळी खाली केली. त्यांचं त्यांनाच उमगत गेलं. "उद्याचं चांगलं निगालं तर म्हनतील, उद्यापुरतं चांगलं आनलं. व्हय न्हवं?" त्यांनी म्हशीच्या पाठीवर हात टेकला. "मंग बाई, मी खोटा न्हाय हे कळायचं कसं? हाय का तुमच्या कपाटात त्येचं औषद?"

कुठल्याच कपाटात ते नव्हतं.

म्हशीच्या तोंडाजवळून बारीक आवाज आला. "आप्पा, मीच घातलो."

आमच्याकडं मुलीसुद्धा आलो, गेलो, घातलो असंच बोलतात. पण ते वाक्य कुणाला लगेच कळलंच नाही. आप्पा वळले. "काय?"

"पेज. भाताची पेज. बाटलीत मीच घातलो."

आप्पांचा हात वर गेला. मी एक पाऊल पुढं टाकलं. हात तसाच राहिला थोडा वेळ, मग खाली आला.

"का?"

लीला दावं मुठीत पिळत होती. "सगळ्यांचं पिवळंच येनार हुतं. मग औषद खरंच निळं करतंय का न्हाय, कसं कळनार? एक तरी निळं व्हायला पायजे की."

"आनि त्येला आपलंच दूध गावलं तुला?"

तिनं पहिल्यांदा मान वर केली. "दुसऱ्याच्या दुधात कसं घालू, आप्पा?"

आप्पांनी तिच्या हातातून दावं घेतलं आणि म्हैस वळवली. फाटकाशी गेल्यावर मागं न बघता म्हणाले, "हिची शाळा बास."

मी त्या दिवशी पुढचे तास कसे घेतले ते आठवत नाही. डोक्यात लीलाचं वाक्य फिरत होतं. औषध खरंच निळं करतंय का, कसं कळणार? आमच्या पुस्तकात ह्या प्रयोगाला ती एक गोष्ट नव्हती, आणि तीच गोष्ट ह्या पोरीला सुचली होती. जिच्यात पीठ आहे हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे अशी एक नळी शेजारी लागतेच, तुलनेला. ती निळी झाली तरच बाकीच्यांच्या पिवळेपणाला अर्थ. लीलानं तो तुलनेचा नमुना स्वतः तयार करून आणला होता. फक्त बाटलीवर चिठ्ठी लावली नव्हती. चिठ्ठी लावली असती तर तो नमुना ठरला असता. लावली नाही म्हणून भेसळ ठरली. आणि वर्ग हसल्यावर तिची जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच.

संध्याकाळी मी आप्पांच्या घरी गेले. घर लहान, गोठा मोठा. लीला आतल्या दारात बसली होती, रडून डोळे सुजलेले. आप्पा कडबा तोडत होते. मी म्हटलं, "आप्पा, उद्या लीलाला कट्ट्यावर हे सांगू दे. सगळ्यांसमोर. मी नळ्या घेऊन येते."

कोयता थांबला. "शाळंत शोभा झाली ती बास न्हाय व्हय? आता चव्हाट्यावर हुभी करू पोरीला?"

"शाळेत तिनं सांगितलं ते शाळेला कळलं. रतीब बंद केला त्यांना कोण सांगणार?"

"तुमी सांगा. बाई हायसा न्हवं?"

"माझ्या सांगण्यानं काय होतंय ते बघितलंय मी. शेजारणीला सांगितलं, तिनं पिशवी सुरू केली."

आप्पा पुन्हा कडबा तोडायला लागले. तेव्हा लीलाची आई, तिला सगळे अव्वा म्हणत, चुलीपासून उठून दारात आली. ती फार मराठी बोलत नसे. एवढंच म्हणाली, "तिनं केलंय. तिलाच सांगू दे."

"सांगू दे," आप्पा म्हणाले. "पन मी बगनार न्हाय तिकडं."

मोठ्या बाईंनी मला बजावलं होतं की शाळेच्या बाहेर शाळेचं काही नको. त्यांचंही चूक नव्हतं, पालकांना तोंड त्यांना द्यावं लागे. मी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर, माझ्या पिशवीत माझ्या पैशांनी घेतलेल्या नळ्या घेऊन कट्ट्यावर गेले. म्हशी ओळीनं उभ्या होत्या, शेणाचा आणि ताज्या दुधाचा वास, पेल्यांचा खणखणाट. आप्पांच्या म्हशीपाशी तेवढी गर्दी नव्हती. आप्पा आमच्याकडं पाठ करून बसले होते, गुडघ्यांत भांडं धरून.

मी स्टुलावर स्टँड ठेवला. लीलानं दोन नळ्या भरल्या. एकीवर तिच्याच अक्षरात चिठ्ठी, 'नुसतं दूध'. दुसरीवर 'दूध आणि पेज'. एक थेंबही सांडला नाही. आयोडीन घातलं. एक पिवळी, एक निळी. दहापंधरा माणसं जमली. ती बोलायला लागली तर पहिल्या रांगेलाही ऐकू जाईना.

"मोठ्यानं बोल की पोरी!" तालमीतला एक पैलवान हातातला पेला उंच करून म्हणाला.

लीलानं सांगितलं. मोठ्यानं. पेज मी घातलो, आप्पांना ठावं नव्हतं, त्यांनी दुधात कधीच काय घातलेलं नाही, शाळेत सगळे हसले म्हणून मी गप्प बसलो. वाक्यं तुटक होती, पण एकही गाळलं नाही. गर्दीच्या कडेला प्रतिभा आईला घेऊन उभी होती. ती हसत नव्हती.

एक म्हातारे गृहस्थ पुढं वाकले. "ह्यात पाणी घातलेलं कळतं का?"

लीलानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "नाही. ह्यात फक्त पीठ कळतं. पाण्याला वेगळं साधन लागतं."

दोघंचौघं हसले. तेवढ्यात पाठमोऱ्या आप्पांचा आवाज कडाडला, "पानी घालाय म्हस हुभी हाय समोर, नळ हाय का कुटं तिला?"

मग मात्र सगळा कट्टा हसला. पण हसून झाल्यावर पुढं कुणी आलं नाही. लोक निळ्या नळीकडं बघत होते. रंग एकदा डोळ्यांत भरला की सांगितलेलं कानांत शिरायला वेळ लागतो. लीला स्टुलाशी तशीच उभी. मला वाटलं, मी ह्या मुलीला उगाच इथं आणलं.

प्रतिभाच्या आईनं पिशवीतून किटली काढली. गर्दीतून वाट काढत ती आप्पांसमोर गेली.

"आप्पा, अर्धा लिटर घाला. आणि उद्या सकाळपासून येत जावा."

आप्पांनी मान वर केली. किटली घेतली नाही. लीलाकडं बघून म्हणाले, "हात धू. आनि ये. तू पिळ."

लीलाच्या बोटांवर आयोडीनचे पिवळे डाग होते. तिनं बादलीत हात खसाखसा धुतले, ओढणी कमरेला खोचली आणि बसली. तिच्या वर्गातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं की तिला धार काढता येते. दोन्ही हात लयीत चालत होते, किटलीत फेस चढत होता. प्रतिभा आईच्या मागून वाकून बघत होती. पैलवानानं आपला रिकामा पेला पुढं केला. "मलाबी घाल गं."

तिसऱ्या पेल्यानंतर मी नळ्या धुऊन पिशवीत भरल्या आणि घरी गेले.

लीला शाळेत परत आली. सगळे रतीब मात्र परत आले नाहीत. काही घरांना पिशवीची सवय झाली, सकाळी दार उघडायला नको. पुढं आप्पांनी एक म्हैस विकली. ती ह्या भानगडीमुळं विकली की वैरण महागली म्हणून, हे मला कधी कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. त्या वर्षीपासून माझ्या वर्गात कुठल्याही तपासणीला तुलनेची एक नळी ठेवल्याशिवाय प्रयोग सुरू झाला नाही. मला वाटलं होतं लीला विज्ञानाला जाईल. दहावीला गुणही चांगले होते. ती वाणिज्यला गेली. मी नाराज झाले तर हसून म्हणाली, "बास झाले प्रयोग, बाई." ती आता कागलला एका पतसंस्थेत नोकरी करते.

शाळेतली प्रयोगशाळा अजून आहे. तिथं आता भिंतीवर पडदा आहे, त्यावर प्रयोग दिसतात, आणि तिथला रंग सगळ्यांना सारखा दिसतो. नव्या बाई मन लावून शिकवतात. मला एकदा बोलावलं होतं. ओटे स्वच्छ होते, नळही गळत नव्हता. मला तिथं काचेचा आवाज येईना, एवढंच.

मल्लाप्पा गेल्याचं मला उशिरा कळलं. मी लीलाला फोन केला, तर दुसऱ्या रविवारी ती स्वतःच घरी आली. आम्ही चहा घेत बसलो. बोलता बोलता कट्ट्याचा विषय निघाला. मी म्हटलं, "त्या दिवशी कट्ट्यावरून घरी गेल्यावर आप्पा रागावले असतील खूप."

"न्हाय बाई. रस्ताभर एक शब्द बोलले न्हाईत. मला वाटलं आता घरात गेल्यावर मार बसनार. म्हस बांधली, पाय धुतले, आनि मला म्हनाले, लीला, निळं कसं झालं गं? मी बगितलोच न्हाय. परत दाखीव."

"मग?"

"घरात कुठलं आयोडीन? तर आप्पाच म्हनाले, म्हशीच्या जखमंला लावतोय ते लाल औषद चालतंय का बग. तेच हुतं की बाई ते, टिंक्चर. अव्वानं वाटीत दूध दिलं, मी पेज घातलो आनि वर दोन थेंब टाकलो. आप्पा वाटी हातात घिऊन दिव्याखाली गेले. किती येळ नुसते बगत हुते. मग म्हनाले, लई देखना रंग हाय गं. आनि शेजारच्या काकांना हाक मारली, अरं ये बगायला, आमच्या लीलानं काय केलंय."